एडिटिंग चालू आहे

सोमवारी सकाळी घरूनच ऑफिसची पहिली मीटिंग आटोपून मनोहरने स्वतःचा लॅपटॉप उघडला, तेव्हा कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत निवांत बसलेलं होतं. ते गुरुवारपासून तिथेच होतं. कॅमेरा मात्र मधल्या शनिवार-रविवारी नेदरलँड्समधल्या न्यूनेनहून निघून, आल्प्समध्ये जाऊन, चारशेच्या वर फोटो काढून परत आला होता. झाला प्रकार डोक्यात उतरायला मनोहरला मिनिटभर लागलं. मग त्याने उठून खोलीचं दार लावलं आणि कॅमेऱ्याचं झाकण उघडून पाहिलं. आत काही नव्हतं.

वास्तविक मनोहर विसरभोळा माणूस नव्हता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये काय राहून गेलं ते शोधायचं, हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा होता. सहलीसाठी त्याने एक्सेलमध्ये त्रेचाळीस ओळींची यादी केली होती. सतरावी ओळ होती, ‘मेमरी कार्ड रिकामं करणे’. तिच्यापुढे हिरवी खूण होती आणि ती अगदी खरी होती. ‘कार्ड परत कॅमेऱ्यात घालणे’ अशी ओळच यादीत नव्हती. असल्या चुका इतरांना दाखवून देण्याबद्दल मनोहरला आजवर दोन बढत्या मिळाल्या होत्या.

कार्ड नसताना कॅमेरा ‘खटक’ कसा म्हणत होता, असं कोणीही विचारेल. मनोहरचा कॅमेरा म्हणत होता. त्याची मागची स्क्रीन मनोहर आत दुमडून ठेवायचा, कारण जातिवंत फोटोग्राफर प्रत्येक फोटोनंतर स्क्रीनवर डोकावत नाही, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. राहता राहिली डोळा लावायची ती छोटी खिडकी. तिच्या कोपऱ्यात दिवसभर काहीतरी लाल लुकलुकत होतं खरं. पण खिडकीला डोळा लावताना चष्मा काढावा लागे आणि चष्म्याविना ते वाचता येत नसे. कॅमेरा झपाटून कामाला लागल्याचं ते लक्षण आहे, असा मनोहरने समज करून घेतला होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्डला केबलकारच्या रांगेत उभं असतानाच मनोहरने सगळ्यांना मोबाईल खिशात ठेवायला लावले होते. सगळे म्हणजे बायको नीलांबरी, दहा वर्षांची मुलगी संहिता, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले सासरे मोरेश्वरराव, आणि शेजारच्या आइंडहोव्हनचे राजानंद आणि धम्मदीपा हे मित्रांचं जोडपं. “आज कोणीही मोबाईलवर फोटो काढायचे नाहीत,” मनोहर म्हणाला होता. “तुम्ही डोळ्यांनी बघा. फोटो माझ्यावर सोडा.” राजानंदने एकदा चुकून एका गाईसमोर मोबाईल काढला, तेव्हा मनोहरने त्याच्याकडे असं पाहिलं की राजानंदने त्यावर वेळ पाहिल्याचं नाटक केलं.

आणि दिवस तरी कसा होता. केबलकारने वर जाऊन तासाभराची पायवाट, खाली हिरव्या कुरणात घंटा वाजवत चरणाऱ्या गाई, आणि वाटेच्या शेवटी ते तळं. समोरची बर्फाची शिखरं त्या तळ्यात उलटी उतरलेली. एक ढग शिखराला चिकटून बसला होता, तो हलेपर्यंत मनोहरने पाचही जणांना पाऊण तास एका खडकावर उभं केलं. धपाट्यांचा डबा कोणाला उघडू दिला नाही, कारण स्टीलचा डबा चमकतो. मोरेश्वररावांना त्याने मुद्दाम पिवळं जॅकेट घ्यायला लावलं होतं, निळ्यावर पिवळा उठून दिसतो म्हणून. एकाहत्तर वर्षांचे मोरेश्वरराव त्या जॅकेटमध्ये, हातात काठी घेऊन, तक्रारीचा एक शब्दही न काढता चौदा वेळा त्या खडकावर चढले आणि उतरले.

त्यांना फोटो हवाच होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून मोरेश्वरराव रोज पहाटे वेताळ टेकडी चढत. तिथे सात-आठ निवृत्त मंडळींचं टेकडी मंडळ होतं आणि उल्हासराव नावाचे गृहस्थ त्याचे स्वयंघोषित अध्यक्ष. मोरेश्वरराव नेदरलँड्सला निघाले तेव्हा उल्हासरावांनी भर कट्ट्यावर सांगितलं की त्या देशात जमीनच समुद्राच्या खाली असते, तेव्हा तीन महिन्यांत मोरेश्वर चढ विसरून येणार. त्यावर मोरेश्वरराव बोलून गेले की मी आल्प्स चढून येतो. फोटो दाखव म्हणजे मानू, असं उल्हासराव म्हणाले. मोरेश्वररावांचं परतीचं विमान येत्या रविवारी होतं.

म्हणजे मनोहरच्या हातात सहा दिवस होते आणि फोटो एकही नव्हता.

त्या संध्याकाळी जेवताना नीलांबरीने विचारलं, “काय रे, फोटो कधी दाखवतोयस?”

खरं सांगायची ती वेळ होती. मनोहरने तोंडही उघडलं होतं. पण समोर मोरेश्वरराव घास हातात धरून त्याच्याकडे बघत होते. गेली बारा वर्षं ते त्याला अदबीने मनोहरराव म्हणत आले होते, आणि हा माणूस नेमकं काय काम करतो ते त्यांना अजून कळलं नव्हतं. तळ्याकाठी पहिल्यांदाच ते म्हणाले होते की जावईबापूंच्या हातात कला आहे.

“एडिटिंग चालू आहे,” मनोहर म्हणाला.

या तीन शब्दांसारखं सोयीचं दुसरं काही नाही, हे त्याला त्याच दिवशी कळलं. परदेशातल्या मराठी मंडळींत ज्याच्याकडे मोठा कॅमेरा असतो, त्याच्याकडून मुंजीचे फोटो मुलगा कॉलेजात गेल्यावर मिळाले तरी कोणी हरकत घेत नाही. उलट जितका उशीर, तितकं काम बारीक असा लोकांचा समज होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मनोहरची मूठ मंगळवारी दुपारपर्यंत दोन लाखांवर गेली. राजानंदने फोन करून सांगितलं की हॉलमधलं घड्याळ काढून त्याने फोटोसाठी भिंत मोकळी केली आहे. धम्मदीपाने तो खडकावरचा फोटो तिच्या ऑफिसातल्या कॅलेंडरसाठी मागितला. संध्याकाळी नीलांबरी दुकानातून येताना दारातून आत येईना एवढी मोठी लाकडी फ्रेम घेऊन आली. रविवारी बाबांबरोबर देऊ, म्हणाली. वरून मोरेश्वररावांचा पुण्याला फोन चालू असलेला ऐकू येत होता. “अहो उल्हासराव, मोठ्या कॅमेऱ्याचे आहेत. वेळ लागतो. एडिटिंग चालू आहे.”

मनोहरला आता फोटो पैदा करणं भाग होतं. तळ्याचे फोटो इंटरनेटवर पडलेले होते, हजारांनी. त्यावर माणसं चिकटवायची, एवढंच काम. पण घरातल्या बाबांच्या फोटोंत ते एक तर सोफ्यावर होते, नाहीतर ट्युलिपच्या बागेत पोट धरून हसत होते. हिमशिखरासमोर उभा राहिलेला माणूस असा दिसत नाही. नवा फोटो काढायला हवा होता, खालच्या बाजूने आणि मागे नुसतं आभाळ येईल असा. आणि मागे नुसतं आभाळ यायचं तर माणूस उंचावर पाहिजे. अख्ख्या न्यूनेनच्या परिसरात चढ म्हणून दाखवण्यासारखी जी एक जागा मनोहरला आठवली, ती म्हणजे गावाबाहेर हमरस्त्यावरून जाणारा सायकलींचा पूल.

बुधवारी दुपारी त्याने सुट्टी टाकली आणि सासऱ्यांना गाठलं. फोटोंचे रंग जुळवायला त्याच कपड्यांतला एखादा नमुना लागतो, असं त्याने शक्य तितक्या सहजपणे सांगितलं. मोरेश्वरराव त्याच्याकडे क्षणभर बघत राहिले. मग वर गेले आणि पिवळं जॅकेट, टोपी, बूट, काठी अशा पूर्ण इतमामात खाली आले.

पुलाच्या माथ्याजवळ, कठडा संपतो तिथे त्यांना उभं करून मनोहर खालच्या उतारावर गवतात पालथा पडला. या वेळी कार्ड त्याने तीनदा तपासलं होतं.

“बाबा, लांब बघा. समोर शिखर आहे असं समजा.”

समोर एका बागकामाच्या दुकानाचं पार्किंग होतं. मोरेश्वररावांनी त्या पार्किंगकडे पाहिलं, काठी पुढे रोवली, हनुवटी उचलली, आणि छाती अशी काही फुगवली की जॅकेटची चेन ताणली गेली. वाऱ्याने टोपीखालचे पांढरे केस उडत होते. मागे ढगांचे मोठमोठे ढीग लागले होते, जे या देशात डोंगरांची उणीव भरून काढतात. मनोहर धडाधड फोटो काढत सुटला. बाबांना हलू नका म्हणायची वेळच येईना. सायकलवाले घंटी वाजवत त्यांना वळसा घालून जात होते आणि ते जागचे हलत नव्हते.

अशा वेळी एक साठीच्या बाई सायकलवरून उतरल्या. त्यांचं नाव रिया, हे नंतर कळलं. त्यांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग बाबा बघत होते तिकडे पाहिलं, मग पुन्हा बाबांकडे पाहिलं. मनोहर गवतातून धडपडत वर आला. हे गृहस्थ इथे एकटेच उभे आहेत का, बरे आहेत ना, असं त्या डचमध्ये विचारत होत्या. मनोहरचं डच नागरिकत्वाच्या परीक्षेपुरतं होतं. हे फोटोसाठी सोंग आहे असं त्याला सांगायचं होतं, पण सोंगाला काय म्हणतात ते परीक्षेत आलं नव्हतं. तेव्हा येत होतं तेवढं त्याने सांगितलं. हे माझे सासरे आहेत, ते डोंगर बघताहेत.

रियाबाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी मोरेश्वररावांच्या दंडावर हात ठेवला आणि पार्किंगकडे बघत, खरंच किती सुंदर आहेत, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या. मोरेश्वरराव खूश होऊन थँक्यू म्हणाले. मग बाईंनी मनोहरला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांच्या आईचंही शेवटी असंच झालं होतं, आणि तू त्यांचं म्हणणं खोडून काढत नाहीस हे फार चांगलं करतोस. घर कुठे, तेही विचारून घेतलं.

“काय म्हणत होत्या?” बाई गेल्यावर मोरेश्वररावांनी विचारलं.

“तब्येत छान ठेवलीय म्हणाल्या तुम्ही.”

त्या संध्याकाळी मनोहरने पाच वेळा बाबांना तळ्याकाठी चिकटवलं. पहिल्यांदा त्यांची सावली सूर्याच्याच दिशेला पडली. दुसऱ्यांदा ते एका गाईपेक्षा लहान झाले. तिसऱ्यांदा त्यांचे पाय पाण्यावर आले आणि ते सिद्धपुरुष दिसू लागले. पाचव्यांदा सगळं जमलं, फक्त ते एखाद्या लग्नाच्या कमानीवर लावलेल्या चित्रासारखे दिसत होते. हे उल्हासराव मानणार नाहीत, एवढं मनोहरला स्वतःलाच पटलं. त्याने लॅपटॉप मिटला.

गुरुवारी दुपारी बेल वाजली. दारात रियाबाई होत्या, हातात स्वतः भाजलेला सफरचंदाचा केक आणि एक रंगीत पत्रक. नीलांबरी त्या दिवशी घरून काम करत होती. तिचं डच मनोहरपेक्षा बरंच बरं होतं, त्यामुळे तिला सगळं नीट कळलं. बाई पाच मिनिटांनी गेल्या. नीलांबरी ते पत्रक घेऊन मनोहरच्या खोलीत आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

“मंगळवारी सकाळी दहा वाजता समाजमंदिरात विसराळू आजी-आजोबांची कॉफी असते,” ती म्हणाली. “बाबांना बोलावलंय. आणि फॅमिली डॉक्टरच्या कानावर घातलंय का, असं विचारत होत्या. बाबांना सायकलच्या पुलावरून आल्प्स दिसतात म्हणे.”

मनोहर सासऱ्यांच्या आजारपणाचं पाप डोक्यावर घेण्याइतका निगरगट्ट नव्हता. त्याने सगळं सांगून टाकलं. खाचेतलं कार्ड, यादीतली सतरावी ओळ, लाल लुकलुकणारं ते काहीतरी, पाण्यावर चालणारे बाबा. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक केलं होतं गं, असंही तो म्हणाला.

नीलांबरीने पत्रकाची घडी घातली. मग म्हणाली, “आम्हाला माहिती आहे, मनोहर.”

“कधीपासून?”

“तळ्यापासून.”

ती त्याला खाली घेऊन आली. मोरेश्वरराव स्वयंपाकघरात संहितेबरोबर केक खात बसले होते. जावयाचा चेहरा बघताच त्यांच्या सगळं लक्षात आलं आणि त्यांनी चमचा खाली ठेवला.

“मनोहरराव, तुम्ही मला त्या खिडकीतून शिखर बघायला लावलंत ना, तेव्हाच मी वाचलं,” ते अपराध्यासारखे म्हणाले. “लाल अक्षरांत लिहिलं होतं, नो कार्ड. मोतीबिंदू काढल्यापासून मला सगळं लख्ख दिसतं. पण तुम्ही इतके आनंदात होता. तिथे आणखी कार्ड कुठून आणणार होतो आपण? सगळ्यांना हळूच सांगून ठेवलं, म्हटलं, कशाला माणसाचा दिवस नासवा.”

“वी ऑल न्यू, पापा,” संहिता केकवरची नजर न काढता म्हणाली.

तेव्हा खडकावरचे ते फेरे पाचही जणांनी सगळं माहीत असताना मारले होते. घरी परतल्यावर तो आपणहून सांगेल आणि सगळे मिळून हसतील, असं ठरलं होतं. पण तो म्हणाला, एडिटिंग चालू आहे. मग आम्हाला ठाऊक आहे असं तरी कोण सांगणार? फोटो मागणं बंद करावं तर त्याला संशय येईल. म्हणून राजानंदने घड्याळ काढल्याची थाप मारली, आणि नीलांबरीने ती जंगी फ्रेम आणली, की तिच्याकडे बघून तरी हा तोंड उघडेल. मनोहरला रागवावं की रडावं ते कळेना. चार दिवस तो ज्यांच्यापासून लपत होता, ते सगळे त्याच्यासाठी आडोसा धरून उभे होते.

“मग तुम्ही मोबाईलवर काढले असतील ना फोटो?” त्याने शेवटची आशा म्हणून विचारलं.

काढले होते, पण त्याची नजर चुकवून, जॅकेटच्या आडून. नीलांबरीने एकेक दाखवायला सुरुवात केली. एकात मनोहरचं कोपर आणि अर्धी गाय होती. एकात राजानंदचा अंगठा होता आणि अंगठ्याच्या वर थोडं बर्फ. बाबांचे सहा फोटो होते, पाच पाठमोरे आणि सहाव्यात डोळे मिटलेले. त्यातल्या त्यात बरा म्हणून तो सहावा मोरेश्वररावांनी रविवारीच पुण्याला पाठवून दिला होता.

“उल्हासराव म्हणाले, हा सिंहगडाचा पायथासुद्धा असू शकतो,” मोरेश्वरराव म्हणाले. “मी म्हटलं, थांबा, जावई मोठ्या कॅमेऱ्याचे पाठवताहेत. आता तुम्ही एडिटिंग म्हणत होता, मीही तेच पुढे ढकलत होतो. काल तुम्ही पुलावर चला म्हणालात तेव्हा मला वाटलं, यांना काहीतरी मार्ग सापडला. म्हणून तर जीव ओतून उभा राहिलो.” त्यांनी केकचा तुकडा बाजूला सारला. “असू दे. चढलो ते मला ठाऊक आहे. पण सोमवारी कट्ट्यावर जायचं जिवावर आलंय.”

ते ऐकून मनोहरला फार वाईट वाटलं. उठून त्याने लॅपटॉप आणला. चिकटवलेला फोटो दाखवायची हिंमत नव्हती, पण पुलावरचे मूळ फोटो तरी बाबांना बघू द्यावेत, तेवढे कष्ट त्यांनी घेतले होते. त्याने त्यातला एक उघडला आणि सगळे स्क्रीनवर वाकले.

मनोहरनेही तो काल नीट पाहिला नव्हता. काल तो फक्त बाबांची कड कापत बसला होता. खालून घेतलेल्या त्या फोटोत ना पूल दिसत होता, ना रस्ता. उतारावरचं थोडं रानगवत, त्यावर काठी रोवून उभा एक पिवळ्या जॅकेटातला म्हातारा, मागे डोंगराएवढे ढग, आणि त्याच्या नजरेत, समोर सगळं जग पायाशी पसरलं असावं तसा भाव. इतका चांगला फोटो मनोहरने आजवर काढला नव्हता.

“हा मी आहे?” मोरेश्वररावांनी हळूच विचारलं.

तो फोटो त्यांनी तिथल्या तिथे आपल्या मोबाईलवर घेतला आणि टेकडी मंडळाला पाठवला. सोबत एक अक्षरही लिहिलं नाही. खोटं लिहायचं नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. पुण्यात तेव्हा संध्याकाळचा चहा चालू असावा, कारण पाच मिनिटांत नमस्काराचे हात आणि फुलं यांचा पाऊस पडला, आणि मग खुद्द उल्हासरावांचा फोन आला. मोरेश्वररावांनी तो स्पीकरवर टाकला.

“मोरेश्वरा, हरलो बाबा,” उल्हासराव म्हणाले. “याला म्हणतात आल्प्स. तो आधीचा डोळे मिटलेला काय पाठवला होतास? हे शिखर किती उंच आहे?”

मोरेश्वररावांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने छताकडे पाहिलं.

“समुद्रसपाटीच्या वर आहे, एवढं नक्की,” मोरेश्वरराव म्हणाले. “इथे तेवढंही फार समजतात.”

“दमला असशील.”

“वारा फार होता.”

मग उल्हासरावांनी सांगितलं की आत्ता कट्ट्यावर सगळ्यांचं एकमत झालं आहे. येत्या जूनमध्ये टेकडी मंडळ सहकुटुंब नेदरलँड्सला येणार, एकूण अकरा माणसं, आणि जावईबापूंनी सगळ्यांना त्याच शिखरावर नेऊन अगदी तसाच एकेक फोटो काढायचा. दुसरं काही बघायची इच्छा नाही. गुडघ्यांची तयारी उद्यापासून सुरू करतोय, म्हणाले, आणि फोन ठेवला.

मोरेश्वररावांनी बाजूला सारलेला केक पुन्हा पुढे ओढला.

“फार अवघड नाही,” ते शेवटी जावयाला धीर देत म्हणाले. “फक्त सायकली बघून चढायला सांगा.”